वसईच्या बेटाची पायवाट

वसईचा इतिहास सांगायला घेतला की बहुतेक जण किल्ल्याच्या दरवाजापासून सुरुवात करतात आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला की थांबतात. सोपाऱ्याचा स्तूप बौद्ध इतिहासाच्या पुस्तकात जातो, निर्मळची समाधी जत्रेच्या बातमीत आणि अर्नाळ्याचा कोट समुद्रकिनाऱ्याच्या सहलीत. पाहायला येणारा माणूसही ह्याच तुकड्यांतून फिरतो. वसई रोड स्टेशनवर उतरून रिक्षाने किल्ला, की पुन्हा स्टेशन. पुढे एखाद्या रविवारी नालासोपाऱ्याला उतरून स्तूप, की पुन्हा स्टेशन. कधीतरी विरारहून बसने अर्नाळा. दर वेळी स्टेशनकडेच परतायचे असल्यामुळे ही ठिकाणे एकमेकांना लागून आहेत हे ध्यानातच येत नाही. माझे म्हणणे असे की ही सगळी ठिकाणे एकाच ओळीतली आहेत आणि ती ओळ पायी चालण्याची होती. वसईच्या बेटाचा किनारा दोन-तीन मुक्काम करत, वाटाड्या न घेता, आपल्या पायांनी चालत जाणे ही परदेशातून आणलेली हौस नव्हे. ह्या भागातल्या सर्वांत जुन्या रीतींपैकी ती एक आहे. राज्ये बदलली, धर्म बदलले, बंदरे बुजली, तरी ती रीत टिकली होती. ती मोडली कशी आणि कधी, हेही नेमके सांगता येते.

आज नकाशावर वसई-विरार ही सलग जमीन दिसते. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर लिहिणाऱ्यांना मात्र वसई बेट म्हणून ठाऊक होती. दक्षिणेला उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, आणि पूर्वेला गोखिवरे व सोपारा ह्यांच्या बाजूने दोन्ही मुखांना जोडणारी भरतीच्या पाण्याची चिंचोळी खाडी. ही पूर्वेची खाडी गाळाने भरत गेली, तिची खाजणे झाली, काही ठिकाणी मिठागरे झाली आणि शेवटी भराव पडून इमारती उभ्या राहिल्या. पण बेटाचे पश्चिम अंग अजून वाचता येते. सर्वांत बाहेर पुळण, तिच्यामागे लाटांनी आणि वाऱ्याने रचलेला वाळूचा लांबट उंचवटा, त्या उंचवट्यावर आणि त्याच्या आडोशाला केळी, नारळ, सुपारी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या, आणि त्यांच्या पूर्वेला भातशेती व खाजण. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर, त्यापेक्षा हलके असल्यामुळे, तरंगत राहते. म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावरही थोडे खणले की गोडे पाणी लागते. वसईची बावखले, म्हणजे वाड्यांतली तळी, ह्याच पाण्याची. आता चालणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. पुळणीवर सावली नाही, प्यायला पाणी नाही आणि भरतीला वाट बंद. खाजणात चिखल. राहतो तो वाड्यांचा पट्टा. पापडी, रमेदी, सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे ह्याच पट्ट्यात एकामागून एक येतात. ही वाट कोण्या राजाने आखली नाही, गोड्या पाण्याने आखली. म्हणूनच राजे बदलल्यावरही तिला जागा सोडावी लागली नाही.

पण नैसर्गिक सोय म्हणजे अजून वाट नव्हे. वाट म्हणजे व्यवस्था. खाडीवर तर, म्हणजे पार नेणारी होडी, लागते, उतरायला जागा लागते, अनोळखी माणसाला पाणी मिळण्याची खात्री लागते. ह्या व्यवस्थेचा सर्वांत स्पष्ट पुरावा वसईत नसून नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने दहाव्या लेण्यात कोरून घेतलेला लेख सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानला जातो. त्यात दानांची लांब यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि आपले सोपारा, इथे त्याने चौसोपी विश्रांतिगृहे बांधली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका ह्या नद्यांवर त्याने फुकट तरी सुरू केल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया घातल्या. सोपाऱ्याच्या रामतीर्थावरच्या चरकांना, म्हणजे भटकत्या साधूंना, दिलेल्या दानाचाही त्यात उल्लेख आहे. ह्या यादीकडे दानशूरपणाचा नमुना म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ती रस्तेबांधणीची नोंद वाटते. तापी, पार, दमणगंगा, डहाणूची खाडी ही गुजरातच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे येणाऱ्याला आडवे येणारे पाणीच आहे, आणि त्या बाजूने येणाऱ्याचा मोठा मुक्काम सोपाऱ्याला पडतो. पाणपोई, निवारा आणि तर ही तीन अंगे एकाच लेखात, एकाच दात्याच्या नावावर एकत्र यावीत, हा योगायोग नव्हे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की ह्या यादीत वैतरणेचे नाव नाही. डहाणूहून सोपाऱ्याला येताना सर्वांत अवघड पाणी वैतरणेचेच. मग तीच वगळली असेल तर किनाऱ्याची वाट कल्पनेत जोडलेली नाही का? माझ्या मते लेख हा एका दात्याच्या पुण्याचा हिशेब आहे, वाटेवरच्या सर्व तरींची जंत्री नव्हे. जिथे आधीच सोय होती तिथे पुण्य जोडायला जाण्याचे कारण नव्हते. आणि सोपाऱ्याचे चौसोपी विश्रांतिगृह ही वस्तुस्थिती तर उरतेच. समुद्रमार्गे येणारा व्यापारी आपल्या मालाजवळ, आपल्या अडत्याकडे उतरे; धर्मार्थ निवारा लागतो तो पायी येणाऱ्याला. दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. सोपारा हे बंदर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचे नाव आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे. अशा किनाऱ्यावर लोक होडीने जात, चालत कशाला जातील? ह्याचे उत्तर ऋतूंत आहे. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या लोटत नाहीत. शिवाय होडी माल नेते. साधू, भिक्षू, निरोप्या, सासरी-माहेरी जाणारे माणूस, बाजाराला टोपली नेणारी बाई हे सगळे वाटेने जातात. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या दात्याचे नाव खांबावर कोरलेले आहे, आणि कार्ल्याला होडी जात नाही. पाली ‘उदान’ ग्रंथात वल्कले नेसणारा बाहिय नावाचा तपस्वी येतो, तोही सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर राहणारा, आणि बुद्धाच्या भेटीसाठी निघतो तो थेट श्रावस्तीकडे, जमिनीने. कथेतले अंतर आणि वेग चमत्काराचे असतील, पण सोपाऱ्याचा माणूस म्हटला की तो दूरवर चालत निघालेला दाखवावा, हे ऐकणाऱ्यांना विचित्र वाटत नव्हते.

तिसरा आक्षेप मात्र आजच्या वाचकाच्या मनात आधी येतो. हे सगळे लोक गरजेने किंवा श्रद्धेने चालले. सुट्टी घेऊन, मजेसाठी, पाहण्यासाठी चालणे ही वेगळी गोष्ट, आणि तिचा ह्या परंपरेशी संबंध जोडणे ओढूनताणून आहे. ह्याचे उत्तर सोपाऱ्याच्याच दगडांनी दिले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा शोधून काढला. तो आठव्या आज्ञेचा. १९५६ साली भुईगावला, म्हणजे ह्याच किनारपट्टीवर, नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. चौदा आज्ञांपैकी इथे हाती लागल्या त्या दोन, आणि दोन्हींत प्रवास आहे. गिरनार वगैरे ठिकाणच्या पूर्ण लेखांवरून आठवी आज्ञा काय सांगते ते आपल्याला माहीत आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि करमणूक करत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाकडे गेला आणि तेव्हापासून त्याच्या फिरण्याची धर्मयात्रा झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, आणि गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे. नववी आज्ञा लोक कोणकोणत्या प्रसंगी मंगलविधी करतात ते सांगते, आणि आजारपण, लग्न, मूल होणे ह्यांच्याबरोबर प्रवासाला निघणे हाही त्यातला एक प्रसंग आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ह्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दगडावर जाहीर वाचून दाखवले जात होते की मौजेसाठी फिरणे असते, अर्थपूर्ण फिरणेही असते, आणि दोन्हींतला फरक ठिकाणाचा नसून वाटेत कोणाला भेटता ह्याचा आहे. मौजेने फिरणे इथल्या माणसाला नवे नव्हते. ते चांगले कसे करावे ह्याबद्दलचे मत इतके जुने आहे, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी मर्देसजवळचा ‘बुरूड राजाचा कोट’ नावाने ओळखले जाणारे टेकाड खणले आणि आत विटांचा स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती आणि सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे हा सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. स्तूप ही मुळातच पायी येणाऱ्यासाठीची वास्तू. तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायची असते. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेला युधिष्ठिर शूर्पारकाला पोहोचतो. पुढे १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांचा सहकारी जॉर्डानुस ह्याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. तीन वेगवेगळ्या धर्मपरंपरांची माणसे ह्याच गावाकडे वळली, ह्याचे कारण गावाच्या पावित्र्यात जितके आहे तितकेच गावाकडे येणाऱ्या वाटांत आहे.

पोर्तुगीज काळाबद्दल सामान्य समज असा की त्यांनी इथली जुनी रीत बुडवली. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे दोनशे वर्षे ते इथे राहिले. देवळे पाडली गेली, तीर्थस्नाने बंद झाली, आणि निर्मळलाही त्याची झळ बसली. हे नाकारण्यात काही अर्थ नाही, आणि ते ज्यांच्यावर ओढवले त्यांचे दुःख सौम्य करून सांगण्याचीही गरज नाही. पण वाटेच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पापडी, रमेदी, सांडोर, नंदाखाल, आगाशी अशी चर्चे उभी राहिली ती त्याच वाड्यांच्या पट्ट्यात, त्याच ओळीत. जायचे ठिकाण बदलले, चालायची जागा नाही. वाड्यांतल्या आळ्यांच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस आजही चालणाऱ्याला वळण सांगतात. आणि मौजेने चालण्याचा थेट पुरावाही ह्याच काळातला आहे. १६९५ साली आलेल्या जेमेल्ली कारेरी ह्या इटालियन प्रवाशाने किल्ल्याबाहेर सुमारे १५ मैल पसरलेल्या बागांचे वर्णन केले आहे. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान गावकरी पाणी उपसणाऱ्या यंत्रांनी, म्हणजे आपल्या रहाटांनी, त्या बारमाही हिरव्या ठेवत. शहरातली श्रीमंत मंडळी उन्हाळ्यात तिथल्या सावलीच्या वाटांच्या ओढीने आणि साथीच्या आजारापासून दूर राहण्यासाठी तिथल्या बागेतल्या घरांत येऊन राहत. किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतची बेटाची सारी लांबी ह्या १५ मैलांत मावते. मुक्काम करायचा, सावलीतून चालायचे, हवा खायची, ही वसईच्या किनाऱ्याची ख्याती तीनशे वर्षांपूर्वी इटलीपर्यंत छापून गेली होती. मात्र त्या सावलीमागे रहाट चालवणाऱ्यांचे कष्ट होते, हेही कारेरीच्याच वर्णनातून कळते. आज कोणी ह्या वाटेने चालायला निघाला तर वाडीवाल्याच्या मेहनतीतूनच चालणार आहे.

मराठ्यांची मोहीम ही पायवाटेच्या इतिहासातली छोटी पण बोलकी गोष्ट. १७३७ मध्ये मराठे बेटात शिरले आणि उत्तर टोकाचा अर्नाळा त्यांनी त्याच वर्षी घेतला. अर्नाळ्याच्या दरवाजावर बाजीरावांच्या नावाचा लेख आहे. वसईचा शेवटचा वेढा घालण्यापूर्वी जानेवारी १७३९ मध्ये माहीम, तारापूर ही उत्तरेची ठाणी एकामागून एक घेतली गेली; तारापूरला बाजी भीवराव रेटरेकर पडले. डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, अर्नाळा, वसई ही किनाऱ्यावरची ठाणी एकमेकांपासून बहुधा एका दिवसाच्या चालीच्या आत आहेत. सैन्यानेही तीच ओळ वापरली जी उषवदाताच्या तरींनी सोळा-सतरा शतकांपूर्वी जोडली होती. मे महिन्यात किल्ला पडला, आणि त्यानंतर निर्मळ पुन्हा उभे राहिले. तिथल्या शंकराचार्यांच्या समाधीची आणि विमलेश्वराची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते, आळंदीची यात्रा भरते त्याच तिथीला. ही तिथी चालणाऱ्यांचीच आहे. पाऊस संपलेला, भात कापून झालेले, खाजणाची वाट सुकलेली, विहिरी-बावखले भरलेली आणि समुद्र शांत. जत्रेच्या बाजारात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही येतात, आगाशीची सुकेळी विकत घेतात. ज्या वाटेवर दोन धर्मांनी एकमेकांची ठिकाणे मोडली, तिच्यावरच त्यांचा बाजारही एकत्र भरतो.

मग ही रीत मोडली कोणी? पोर्तुगीजांनी नाही, मराठ्यांनी नाही, इंग्रजांच्या सैन्यानेही नाही. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडार्डने वसई घेतली आणि पुढच्या महिन्यात अर्नाळा घेतला, म्हणजे त्यानेही तीच ओळ धरली. मोडली ती आगगाडीने. नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबई-बडोदा मार्ग ग्रँट रोडपासून उत्तरेकडे सुरू झाला आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईची लोकल सुरू झाली. रूळ किनाऱ्यापासून काही कोस पूर्वेला पडले. ह्याआधी बेटाची वाट दक्षिणोत्तर होती, गावातून पुढच्या गावाकडे जाणारी. आता प्रत्येक गावाची वाट पूर्वेला, आपापल्या स्टेशनाकडे वळली. पाने, केळी, फुले, भाजी मुंबईच्या बाजारात सकाळी पोहोचू लागली. हे वाडीवाल्यांच्या भल्याचेच झाले आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण भुईगावचा माणूस आगाशीला चालत जायचा थांबला. कोणी वाट बंद केली नाही. तिची गरज संपली, मग मुक्कामाच्या जागा संपल्या, मग खाडीवरची तर संपली. असे म्हणता येईल की निर्मळची यात्रा आजही भरते, मग रीत मोडली कशी? यात्रा टिकली, तिच्याकडे चालत येणे राहिले नाही. ठिकाण उरले आणि मुक्काम गेला. जुन्या व्यवस्थेत तीर्थ जितके महत्त्वाचे होते तितकीच त्याच्या अलीकडची रात्रही होती.

आणखी एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. ही वाट सर्वांची होती का? नव्हती. तरीत कोण बसेल, विहिरीवर कोण पाणी भरेल, तीर्थात कोण उतरेल हे जात ठरवत असे, आणि चर्चमध्येही सगळे एका बाकावर बसत नव्हते. जुनी वाट पुन्हा चालू करणे म्हणजे जुनी शिस्त परत आणणे असेल, तर ती मोडलेलीच बरी. पण ह्याच वाटेवर सोपाऱ्याचा स्तूप आहे, आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांच्या पुढच्या पिढ्या बाबासाहेबांच्या मागे धम्मात येऊन आज बुद्धपौर्णिमेला त्याच स्तूपाला प्रदक्षिणा घालतात. ह्या वाटेवर आज सर्वांत जास्त हक्क त्यांचा आहे असे मला वाटते. वाट ही वास्तूसारखी कुंपण घालून एकाच्या नावावर करता येत नाही. जो चालतो तो तिच्यात आपला अर्थ घालतो. म्हणूनच हा इतिहास किल्ल्याच्या इतिहासापेक्षा मोकळा आहे.

वसईकरांची आजची धास्ती वेगळी आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. पर्यटन आले की रिसॉर्ट येतात, वाडी विकली जाते, पाणी आटते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून बांधकामांना विकले जात होते, आणि गोडे पाणी उपसले की खाली खारे पाणी चढते, हे वाडीवाल्याला पुस्तकाशिवाय माहीत होते. ती धास्ती खोटी ठरवण्याचा माझा विचार नाही. उलट माझे म्हणणे तिच्या बाजूचेच आहे. गाडीने येऊन एका जागी राहणाऱ्याला तरणतलाव लागतो. चालणाऱ्याला लागते ती बाटलीभर पाण्याची, सावलीची आणि रात्रीच्या खाटेची सोय. एवढेच नाही, तर बावखल बुजवले की वाटेवरचा एक पाणवठा जातो आणि वाडी गेली की सावली जाते, म्हणून वाट जपायची तर ह्या दोन्ही गोष्टी जपाव्या लागतात. भूमध्य समुद्रातल्या मेनोर्का बेटावर ‘कामी दे काव्हाल्स’ नावाची १८५ किलोमीटरची किनारवाट आहे. जुन्या काळी घोडेस्वार पहारेकरी तिच्यावरून गस्त घालत. जमीनमालकांनी फाटके लावून ती बंद केली, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले, आणि २००० साली त्या वाटेसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज लोक तिच्यावरून आठ-दहा दिवस आपापले चालतात. तिथे मुख्य काम नवा रस्ता बांधण्याचे नव्हते. चालण्याचा हक्क मान्य करण्याचे आणि दिशा दाखवणाऱ्या खुणा लावण्याचे होते. आपल्याकडे नर्मदा परिक्रमा तर कायद्याशिवायच टिकून आहे, कारण काठावरची गावे परिक्रमावासीयाला जेवण आणि निवारा देणे आपले काम मानतात. दोन्ही उदाहरणांत वाट टिकली ती व्यवस्थेमुळे, मातीमुळे नव्हे.

शेवटी कोणी म्हणेल, बेटाची लांबी तरी केवढी? किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत, सोपाऱ्याचे वळण धरूनही, तीसेक किलोमीटरच्या आत. चांगला चालणारा माणूस एका दिवसात उरकेल. उरकेल खरा, पण त्याला अशोकाच्या आठव्या आज्ञेतली दुसरी यात्रा घडणार नाही. किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांतून निघून, दर्या दरवाजाने किल्ल्यात शिरून जमिनीकडच्या दरवाजाने बाहेर पडावे आणि पापडी, रमेदी, गिरीजपर्यंत पहिला दिवस संथ घालवावा. दुसऱ्या दिवशी भुईगाव आणि गास, तिथून वळून सोपाऱ्याचा स्तूप, आणि संध्याकाळी निर्मळच्या तळ्यावर. तिसऱ्या दिवशी नंदाखाल, आगाशी आणि अर्नाळ्याच्या कोटाला जायची होडी, जी भरती-ओहोटी पाहूनच गाठावी लागते. वाटाड्याची गरज नाही. चर्चचे मनोरे, देवळांचे कळस आणि आळीच्या तोंडचे क्रूस एकापासून दुसऱ्यापर्यंत नेतात, आणि जिथे नेत नाहीत तिथे वाडीत पाणी शिंपणाऱ्याला विचारता येते. बेटाच्या दोन्ही टोकांना खाडीपार नेणाऱ्या तरीही परत आल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून वसई ते भाईंदर रो-रो सुरू झाली, आणि एप्रिल २०२५ पासून विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेपलीकडे खारवाडेश्रीला दुसरी. त्या मुख्यतः गाड्यांसाठी आहेत, पण पायी माणसालाही तिकीट मिळते. ज्याला तीन दिवस पुरणार नाहीत त्याने वैतरणा ओलांडून केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर करत डहाणूच्या खाडीपर्यंत जावे.